तुरुंग की समाजात राहून शिक्षा : तुलना करायची तरी कशी?

अनुजा_म

नमस्कार. समाजकार्याच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष आहे आणि प्रबंधाचा आराखडा अडकलाय, म्हणून इथे विचारते.

विषय असा: किरकोळ गुन्ह्यांसाठी थोड्या मुदतीची कैद द्यावी, की माणसाला समाजातच ठेवून शिक्षा द्यावी? म्हणजे परिवीक्षा (प्रोबेशन, अटी पाळून अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर राहणं), बिनपगारी समाजसेवेचे तास, घरकैद, पायातला इलेक्ट्रॉनिक पट्टा, हे सगळं. यातल्या कशाने माणूस पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतो, हे मला शोधायचंय. आतापर्यंत जे अहवाल चाळले त्या जवळपास सगळ्यांत तुरुंगातून सुटलेले लोक पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण बाहेर राहून शिक्षा भोगलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसतं. त्यावरच गृहीतक बांधलं. मार्गदर्शक मॅडमनी आराखडा परत दिला, समासात लाल शाईने एकच ओळ लिहून: "ही दोन्हीकडची माणसं सारखी आहेत का?"

प्रश्नाचा रोख कळला. पण त्यातून वाट कशी काढायची? नाणं उडवून कोणाला आत टाकायचं ते ठरवा, असं न्यायालयाला कोण सांगणार? मग ही तुलना होऊच शकत नाही असं धरायचं का?

दुसरं असं की वर्गात हा विषय निघाला की निम्मे जण म्हणतात, बाहेर ठेवणं म्हणजे सोडून देणंच. मला ते पटत नाही. फील्डवर्कमध्ये एका बाईंशी ओळख झाली. नवऱ्याला दोन महिन्यांची कैद झाली होती. तेवढ्यात त्याची नोकरी गेली, घरभाडं थकलं, मोठ्या मुलीची शाळा सुटली. तो बाहेर आला तेव्हा कागदावर शिक्षा संपलेली होती, घरात मात्र ती चालूच होती. हे कुठे मोजतात? एका दाखल्यावर प्रबंध उभा राहत नाही हे कळतं, पण त्या बाई डोक्यातून जात नाहीत.

जुनी_नोंदवही

अनुजा, तुमच्या मॅडमनी एका ओळीत दंडशास्त्राचं सगळ्यात जुनं दुखणं लिहून दिलंय. मी बरीच वर्षं संशोधनासाठी परिवीक्षा कार्यालयांतल्या फायली वाचल्या, आता हाच विषय शिकवतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इस्पितळात दाखल झालेले आणि डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन घरी गेलेले, यांच्यात जास्त कोण दगावले ते मोजून कोणी इस्पितळाला घातक ठरवत नाही. न्यायालयातही तशीच निवड होते. आधीचे गुन्हे, वय, हाताला काम, डोक्यावर छप्पर, नशेची सवय, हे बघून न्यायाधीश ठरवतो कोणाला आत पाठवायचं. आणि माणूस पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाजही नेमका याच गोष्टींवरून बांधतात. तेव्हा तुमच्या तक्त्यातला फरक शिक्षेमुळे पडला की निवडीमुळे, हे तो तक्ता सांगू शकत नाही. वय, पूर्वीचे गुन्हे वगैरे आकडेशास्त्राने जुळवून घेता येतात, पण कागदावर न उतरलेलं बरंच काही राहतं. न्यायाधीशाने माणूस समोर उभा पाहिलेला असतो, आपल्या हातात फक्त फाईल असते.

आता नाण्याचं. ते उडवलं गेलंय. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात १९९० च्या दशकात मार्टिन किलियास आणि सहकाऱ्यांनी तसा प्रयोग केला. शिक्षा होती जास्तीत जास्त १४ दिवसांची कैद. समाजसेवेला पात्र आणि तयार असलेल्या लोकांमधून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड झाली, काही जण समाजसेवेला गेले, काही तुरुंगात. एकूण माणसं सव्वाशेच्या आसपास, म्हणजे नमुना लहानच. पहिल्या टप्प्यात समाजसेवा केलेल्यांना पुन्हा अटक होण्याचं प्रमाण कमी निघालं, आणि आत जाऊन आलेल्यांच्या मनात न्यायव्यवस्थेबद्दल कडवटपणा जास्त दिसला. पण याच लोकांचा माग ११ वर्षांनी पुन्हा काढला तेव्हा तो फरक टिकलेला नव्हता. दोन आठवड्यांच्या कैदेने माणूस कायमचा बिघडतो, या समजाला त्या प्रयोगाने आधार दिला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बाजूच्या अभ्यासकांना पहिला निकाल सांगायला आवडतो आणि दुसरा सांगायचा राहून जातो.

चिठ्ठी नसेल तिथे दुसरी वाट आहे. बऱ्याच न्यायालयांत खटले न्यायाधीशांकडे पाळीने किंवा सोडतीने जातात. कोणी न्यायाधीश कडक असतो, कोणी सौम्य. सारख्याच दोन माणसांपैकी एकाला कडक न्यायाधीश मिळाला आणि दुसऱ्याला सौम्य, तर नशिबानेच प्रयोग घडवून आणला. डोनाल्ड ग्रीन आणि डॅनियल विनिक यांनी २०१० मध्ये वॉशिंग्टन डीसीतल्या अमली पदार्थांच्या खटल्यांवर हे केलं. जास्त कैद झाली म्हणून पुढच्या चार वर्षांत पुन्हा अटक कमी झाली असं दिसलं नाही, आणि वाढली असंही दिसलं नाही.

नॉर्वेत याच पद्धतीने वेगळंच निघालं. मनुदीप भुल्लर आणि सहकाऱ्यांचा २०२० चा अभ्यास आहे. तिथे कैदेनंतर पुनर्गुन्हा बराच घटला. पण कोणाचा? जे आधीपासून बेकार होते त्यांचा, कारण तिथल्या तुरुंगात त्यांना कामाचं प्रशिक्षण मिळालं आणि बाहेर आल्यावर ते नोकरीला लागले. जे आधी नोकरीत होते त्यांची नोकरी गेली आणि गुन्ह्याच्या बाबतीत काही फायदाही झाला नाही. तुमच्या त्या बाईंचा नवरा या दुसऱ्या गटातला. म्हणजे तो दाखला एकटा नाही, त्याला मोठ्या आकडेवारीत जागा आहे. फक्त नॉर्वेचा तुरुंग म्हणजे जगातला कोणताही तुरुंग नव्हे, हे लिहायला विसरू नका.

सगळे अभ्यास एकत्र चाळून काढलेले आढावेही वाचा. असे आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॅम्पबेल संस्थेसाठी किलियास यांच्याच गटाने २००६ मध्ये आढावा घेतला आणि २०१५ मध्ये तो वाढवला. साध्या तुलनेत समाजातली शिक्षा सरस दिसते, आणि अभ्यासाची पद्धत जितकी काटेकोर होते तितका तो फरक विरत जातो. २०२१ मध्ये डॅमन पेट्रिच आणि सहकाऱ्यांनी ११६ अभ्यास एकत्र केले. कैदेचा परिणाम एकतर शून्य, नाहीतर पुनर्गुन्हा किंचित वाढवणारा, असं त्यांना आढळलं.

माझं मत विचाराल तर एवढ्यावर मी ठाम आहे: निकाल दोन्हीकडे सारखाच येत असेल, तर जास्त दुखवणारी शिक्षा का द्यायची याचं उत्तर देण्याची जबाबदारी तुरुंगाची बाजू घेणाऱ्यावर येते. समाजातली शिक्षा चमत्कार करते हे सिद्ध करायची गरज नाही. तुमचं गृहीतक या बाजूने मांडलंत तर ते जास्त टिकेल.

मोजमापाबद्दल वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे.

पालवी

मी प्रत्यक्ष देखरेखीचं काम करते, म्हणून 'सोडून देणं' या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परिवीक्षेवरच्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी अटींचा कागद पडतो. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला हजर व्हायचं, पत्ता न सांगता बदलायचा नाही, परवानगीशिवाय भागाबाहेर जायचं नाही, अमुक माणसांना भेटायचं नाही, दारू नाही, कधी लघवीची तपासणी, कधी समुपदेशनाचा गट. आता त्याची बाजू बघा. मंगळवारी सकाळी ११ ची भेट. नुकतंच काम लागलंय आणि ११ म्हणजे ऐन पाळीतली वेळ. मुकादमाला कारण सांगावं तर गुन्ह्याचं सगळंच सांगावं लागतं, न सांगावं तर खाडा पडतो. माझ्याकडे एक मुलगा येत असे. दर वेळी तो घामाघूम होऊन, कामाच्या कपड्यांतच धावत यायचा, खुर्चीवर टेकायचाही नाही, "मॅडम, सही घ्या लवकर" एवढंच. त्याच्याशी बोलणार काय आणि कधी? मी वरिष्ठांशी भांडून त्याची वेळ संध्याकाळची करून घेतली, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा बसला आणि घरच्या कर्जाबद्दल बोलला. त्याआधीची दोन भेटींची गैरहजेरी मात्र नोंदवहीत तशीच राहिली. पुढे काही झालं असतं तर न्यायालयाने तीच वाचली असती.

कैदी दिवस मोजतो, ते दिवस त्याने काही न करताही संपतात. इथे प्रत्येक दिवस स्वतः सांभाळावा लागतो आणि डोक्यावर टांगती तलवार असते. रोमानियातले अभ्यासक इओआन दुर्नेस्कू यांनी २०११ मध्ये परिवीक्षेवरच्या लोकांना विचारून ही दुखणी मांडली: स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा जाणं, वेळ आणि पैसा खर्ची पडणं, लोकांचं बोट दाखवणं, दर भेटीत तोच गुन्हा पुन्हा उगाळावा लागणं, आणि सतत धमकीखाली जगणं. माझ्या समोरच्या खुर्चीवर मी हे सगळं रोज बघते.

या कामाची सुरुवात आठवली की वाईट वाटतं. १८४१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाच्या चांभाराने एका दारुड्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो माणूस असा सुधारून उभा राहिला की न्यायाधीशाने त्याला एक सेंट दंड केला, वर खटल्याचा खर्च. १८५९ मध्ये ऑगस्टस वारले तोवर त्यांनी जवळपास दोन हजार माणसांची जबाबदारी घेतली होती, त्यांच्यासाठी काम आणि राहायला जागा शोधली होती. आज आमच्याकडे एकेका अधिकाऱ्यामागे इतक्या फायली असतात की मदतीला वेळ उरत नाही, तपासायला तेवढा उरतो.

तळटीप

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट सगळ्यांच्या लिहिण्यातून निसटतेय. शिक्षा ही पुनर्गुन्हा टाळण्याची गोळी आहे का? ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याला मारहाण झाली, त्याचं काय? चुकीचं घडलं हे समाजाने मोठ्याने म्हणावं, एवढं तर त्याला हवंच असतं. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी असा आग्रह धरला, तो काही पुनर्गुन्ह्याचे तक्ते बघून नव्हे. नॉर्वेचा निकाल उद्या सगळीकडे लागू झाला, तर बेकार माणसाला आत टाकायचं आणि नोकरदाराला बाहेर ठेवायचं का? एकाच गुन्ह्याला गरिबाला कोठडी आणि सुस्थितीतल्याला समाजसेवा, हा न्याय झाला?

शिवाय समाजातल्या शिक्षा वाढल्या म्हणून तुरुंग रिकामे झाले, असं फारसं कुठे दिसत नाही. आधी ज्याला समज देऊन सोडलं असतं तोच आता देखरेखीखाली येतो. मला तरी त्या माणसाची काळजी जास्त वाटते.

जुनी_नोंदवही

तळटीप, दोन्ही मुद्दे वजनदार आहेत आणि दुसऱ्यावर तर मी तुमच्याच बाजूचा आहे. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७० च्या दशकाअखेरीसच हा इशारा दिला होता: पर्यायी शिक्षा आल्या की जाळं रुंद होतं. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्याने समाजसेवेची शिक्षा आणली, ४० ते २४० तासांची, आणि १९७३ पासून सहा विभागांत ती सुरू झाली. तुरुंगाला पर्याय हाच तिचा गाजावाजा. केन पीझ आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा अंदाज निघाला की ही शिक्षा झालेल्यांपैकी निम्म्यांच्याच आसपास लोक एरवी तुरुंगात गेले असते. बाकीचे आधीही बाहेरच राहिले असते, त्यांच्यावरचं ओझं वाढलं. अमेरिकेत तर २०१६ च्या अखेरीस परिवीक्षा आणि पॅरोल मिळून ४५ लाख लोक देखरेखीखाली होते, दर ५५ प्रौढांमागे एक. आणि त्याच काळात तिथले तुरुंगही भरलेलेच होते.

पण हे अटळ नाही, म्हणून फिनलंड बघा. तिथे १९९१ मध्ये समाजसेवा आणताना कायद्यातच अडसर घातला. न्यायाधीशाने आधी समाजसेवेचा विचार न करता शिक्षा ठरवायची. ती आठ महिन्यांपर्यंतची बिनशर्त कैद निघाली, तरच दुसऱ्या पायरीवर ती समाजसेवेत बदलता येईल का ते पाहायचं. जो एरवी आत गेलाच नसता त्याच्यापर्यंत ही शिक्षा पोचतच नाही. परिणाम असा की समाजसेवेच्या शिक्षा वाढल्या तशा छोट्या कैदा त्याच प्रमाणात कमी झाल्या. फिनलंडमध्ये १९५० च्या दशकात दर लाख लोकसंख्येमागे २०० च्या घरात कैदी होते, १९९० च्या दशकाअखेर ते ६० च्या आसपास आले. यात समाजसेवेचा वाटा शेवटच्या टप्प्यातला, त्याआधी चोरीच्या आणि दारू पिऊन गाडी चालवण्याच्या शिक्षा कमी केल्या गेल्या होत्या. या सगळ्या काळात तिथल्या गुन्ह्यांचा चढउतार शेजारच्या देशांसारखाच राहिला. स्वीडनने १९९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक पट्टा आणला तेव्हाही हीच काळजी घेतली: आधी थोड्या मुदतीची कैद झालेली असली पाहिजे, मग त्या माणसाने स्वतः अर्ज करायचा. मला या विषयात सर्वात मोलाचा धडा हाच वाटतो. दार कुठे बसवलंय त्यावर सगळं ठरतं.

पहिल्या मुद्द्याबद्दल. शिक्षेचा हेतू एकच नसतो, मान्य. पण पीडिताला हवं असतं ते तुरुंगच देतो हे गृहीत धरू नका. लॉरेन्स शर्मन आणि हीदर स्ट्रँग यांनी १९९० च्या दशकात कॅनबेरात प्रयोग केले. काही प्रकरणं सोडतीने न्यायालयाऐवजी पीडित आणि गुन्हेगार यांच्या समोरासमोर बैठकीकडे पाठवली. तिथे गेलेल्या पीडितांमध्ये राग आणि पुन्हा आपल्यावर तेच येईल ही भीती न्यायालयात गेलेल्यांपेक्षा कमी आढळली. चूक झाली हे त्यांनी त्या माणसाच्या तोंडूनच ऐकलं होतं. गरीब-सुस्थितीतल्याचा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे. नॉर्वेच्या निकालातून मी घेतो ते एवढंच की बेकाराला काम शिकवण्याचा उपयोग होतो. ते बाहेर राहूनही शिकवता येतं, त्यासाठी त्याला कोंडायला हवं असं तो अभ्यास म्हणत नाही.

पालवीताईंनी जे लिहिलं त्याला आकड्यांची जोड देतो. जोन पीटरसिलिया आणि सुसान टर्नर यांनी अमेरिकेत १४ ठिकाणी कडक देखरेखीचे प्रयोग केले, निकाल १९९३ मध्ये आले. सोडतीने काहींना नेहमीची देखरेख, काहींना कडक. वर्षभरात पुन्हा अटक: कडक गटात ३७ टक्के, नेहमीच्या गटात ३३. म्हणजे कडकपणाने गुन्हे कमी झाले नाहीत. अटी मोडल्याच्या नोंदी मात्र ६५ टक्के विरुद्ध ३८. जास्त बघाल तर जास्त सापडेल, दुसरं काय होणार? आणि अटी मोडल्या म्हणून त्यातले कित्येक जण शेवटी तुरुंगातच पोचले. जिथे देखरेखीबरोबर उपचार आणि मदत नीट दिली गेली, तिथेच पुनर्गुन्हा कमी झाल्याची चिन्हं होती. ओरेगॉनमधल्या मॅरियन काउंटीत तर तुरुंगात जाणार असलेल्यांना कडक देखरेखीचा पर्याय दिला, तेव्हा जवळपास एक तृतीयांश लोकांनी तुरुंग पत्करला. वर्गातल्या त्या निम्म्यांना हे सांगा.

अनुजा, आता मोजमाप. तुमच्या आराखड्यातली खरी मेहनत इथे आहे.

पुन्हा गुन्हा म्हणजे नक्की काय? पुन्हा अटक, पुन्हा दोषी ठरणं आणि पुन्हा तुरुंगात जाणं, या तिन्हींचे आकडे एकाच गटासाठी फार वेगळे येतात. त्यात तुरुंगवापसी सर्वात फसवी, कारण तिच्यात अटी मोडल्याबद्दल आत गेलेलेही मोजले जातात. दोन भेटी चुकवलेला आणि दरोडा घालणारा एकाच रकान्यात बसतात. त्या रकान्याच्या जोरावर परिवीक्षा अपयशी ठरवलेली मी किती वेळा वाचली आहे!

मग घड्याळ कधी सुरू करायचं? बाहेरच्या माणसाचं शिक्षेच्या दिवसापासून सुरू होतं. आतल्याचं सुटकेपासून धरलं तर तो आत असतानाचा काळ हिशेबाबाहेर जातो, आणि शिक्षेच्या दिवसापासून धरलं तर जेव्हा त्याला बाहेर गुन्हा करणं शक्यच नव्हतं ते दिवसही त्याच्या चांगल्या वागणुकीत जमा होतात. दोन्ही प्रकारे मोजून दोन्ही आकडे द्या.

आणि माणसं निवडली कशी? विल्यम रोड्स यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेली गोष्ट मी दर वर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवतो. अमुक वर्षी सुटलेल्यांची यादी घेतली तर वारंवार आतबाहेर करणारे तिच्यात जास्त भरतात, कारण ते सुटतातच जास्त वेळा. आयुष्यात एकदाच आत गेलेला माणूस त्या यादीत यायला त्याचं नेमकं तेच वर्ष लागतं. ही चूक दुरुस्त करून मोजलं तर अमेरिकेत तुरुंगात गेलेल्या दर तिघांपैकी दोघे पुन्हा कधीच तुरुंगात परतत नाहीत. नेहमी ऐकू येणारे आकडे याच्या नेमके उलट चित्र उभं करतात.

अनुजा_म

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वहीत टिपणं काढत वाचतेय.

मला सोडत वगैरे करणं शक्य नाही, हाताशी वेळ थोडा आणि न्यायालयाची आकडेवारी मिळेल याची खात्री नाही. मग प्रबंधाचा प्रश्नच बदलू का? पुनर्गुन्हा मोजण्याऐवजी दोन्ही शिक्षा भोगलेल्यांच्या घरात काय काय होतं, हे विचारलं तर? मॅडमच्या ओळीला ते उत्तर होईल का, की पुन्हा तोच शेरा येईल?

पालवी

जरूर विचार. फक्त घरच्यांनाही वेगळं भेट. माणूस समोर बसला की "सगळं ठीक" म्हणतो, बायको किंवा आई हिशेब सांगते. पट्टा लावलेल्यांच्या घरी तर मुलांशी बोलणंही डोळे उघडणारं असतं, कारण बाबा घरी असून बाहेर सोडायला का येत नाहीत, हे त्यांना कोणीतरी समजावलेलं असतं किंवा नसतं. मुलांशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती आणि मॅडमची परवानगी आधी घे.

जुनी_नोंदवही

बदला. हा प्रश्न तुमच्या आवाक्यातला आहे आणि यावर काम कमी झालंय. 'कोणती शिक्षा गुन्हा कमी करते' हा दावाच केला नाही, तर दोन्हीकडची माणसं तंतोतंत सारखी असण्याची अट तेवढी कडक राहत नाही. तरीही फार विजोड माणसं घेऊ नका. एकाच प्रकारचा गुन्हा, आधी शिक्षा न झालेले, आणि शिक्षेच्या वेळी कामावर असलेले, एवढं दोन्हीकडे सारखं ठेवा.

प्रश्नावलीसाठी दोन चौकटी शेजारी ठेवा. ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या तुरुंगाच्या अभ्यासातून कैदेची पाच दुखणी सांगितली: स्वातंत्र्य, वस्तू आणि सोयी, स्त्री-पुरुष सहवास, स्वतःचे निर्णय, आणि सुरक्षितता यांना मुकणं. पालवीताईंनी सांगितलेली दुर्नेस्कू यांची यादी दुसरी. दोन्ही याद्यांमधले प्रश्न दोन्ही गटांना विचारा. कैद्याला 'दर भेटीत गुन्हा उगाळावा लागतो का' असं विचारलंत आणि परिवीक्षेवरच्याला 'सुरक्षित वाटतं का' विचारलंत, तर अशा गोष्टी कळतील ज्या दोन्ही अभ्यासकांना एकेकट्याने दिसल्या नव्हत्या. घरासाठी तिसरी यादी तुम्ही स्वतः करा. उत्पन्न कधी बंद झालं, कोणाकडून उसने घेतले, कोणाचं शिक्षण थांबलं, कोणाशी बोलणं तुटलं. प्रत्येक गोष्टीची तारीख विचारा, शिक्षेआधीची की नंतरची ते त्यावरूनच कळेल. त्या बाईंच्या मुलीची शाळा अटकेनंतर सुटली की शिक्षा झाल्यावर, हे तुम्हाला आज माहीत आहे का? खटल्याच्या काळातच पुष्कळ घरं मोडतात, आणि तो काळ दोन्ही गटांच्या वाट्याला आलेला असतो.

शेवटची सूचना अगदी व्यवहाराची. मुलाखती परिवीक्षा कार्यालयात घेऊ नका आणि माणसं निवडायला अधिकाऱ्याला सांगू नका. ज्याची सही त्या टेबलावर व्हायची असते तो तुम्हाला नाही म्हणूच शकत नाही, आणि मनातलंही बोलत नाही. अधिकाऱ्याने फक्त तुमचं पत्रक सगळ्यांना द्यावं, फोन करायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. संमतीपत्रात स्पष्ट लिहा की भाग घेतला किंवा नाही घेतला, तरी देखरेखीच्या अटींवर त्याचा काही परिणाम होणार नाही. हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. आराखडा नव्याने लिहिलात की इथे टाका, मी बघतो.